दवाखान्याला आपली बोली कळली पाहिजे
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर आपण दर मेळाव्यात बोलतो. आज बोलू ते कापूस वेचणाऱ्या बाईच्या दुखण्यावर.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली निष्कर्ष छापले. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग निघाले. आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८. आपल्या गावात वेगळे काय असणार? 'अंगावर पांढरे जाते' हे तीन शब्द आपली बाई सासूपाशी बोलत नाही. टेबलामागच्या अनोळखी पुरुषाला काय सांगेल? १९८६ साली चांदवडला मायबहिणींनी अधिवेशन गाजवले. दवाखान्यात मात्र त्यांच्या वतीने आम्ही नवरेच बोलतो, आणि तेही चुकीचे!

बंगांनी गोंड लोकांना विचारले, तुम्हाला दवाखाना कसा हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहता आले पाहिजे, असे उत्तर आले. मग झोपड्यांसारखा दवाखाना बांधला, नाव दिले दंतेश्वरी देवीचे. पुढे ३९ गावांत गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायकांना बाळाचे वजन घेणे, जंतुसंसर्ग ओळखणे, इंजेक्शन देणे शिकवले. १९९५ ते १९९८ या काळात, तिसऱ्या वर्षापर्यंत, नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. शहरातून डॉक्टर येईल म्हणून वाट बघत बसले असते तर?

पुरुषांचेही तेच आहे. फवारणीच्या विषाला आपण 'औषध' म्हणतो. 'औषध लागले' म्हणजे काय, हे डॉक्टरला उमगले पाहिजे आणि कोणते फवारले हे त्याने विचारले पाहिजे, कारण प्रत्येक विषावरचा उपचार वेगळा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसे गेली, हे विसरू नका. डबा सोबत न्या.

२००५ पासून गावात आशा आली. ती आपल्यातलीच, आपल्या बोलीत बोलणारी. पण सरकार तिला स्वयंसेविका म्हणते आणि कामामागे मोबदला देते. घामाचा भाव पाडायची ही रीत आपल्या ओळखीची आहे.

येत्या ग्रामसभेत दोन ठराव मांडायचे आहेत: आरोग्य केंद्रात ठरल्या वारी बाई डॉक्टर बसावी, आणि आशाचा मोबदला थकवू नये. मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. सह्या करायला मायबहिणींना आधी जाऊ द्या.