डिस्क फाईल घेत नाही तेव्हा



मुलांचे दाखले, निकाहची चित्रफीत, हे सारे आता आपण बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कमध्ये ठेवतो. आमच्या नात्यातील एका घरी मरहूम आजोबांच्या आवाजाची एकमेव नोंद अशाच डिस्कवर होती. डिस्क मॅक संगणकावर तयार केलेली. ती विंडोजला जोडताच फॉरमॅट करण्याविषयी विचारणा झाली आणि मुलाने घाईने होकार दिला. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे!

डिस्क फाईल घेत नाही म्हणजे ती बिघडलीच असे नाही. पुष्कळदा तिच्यावर फाईली मांडण्याची पद्धत आड येते. विंडोजची एनटीएफएस पद्धत मॅक वाचतो, परंतु स्वतःहून तिच्यावर लिहीत नाही. जुनी फॅट३२ दोघांनाही चालते. मात्र ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाईल ती घेत नाही, मग ५०० जीबी जागा मोकळी का असेना. म्हणून फोटो जातात आणि निकाहची लांबलचक चित्रफीत अडते. २००६ साली आलेली एक्सफॅट दोन्हीकडे चालते व तिला ही अडचण नाही.

विंडोजमध्ये डिस्कच्या चिन्हावर माऊसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा, पद्धतीचे नाव दिसेल. बदलायचीच असेल तर आधी सर्व फाईली दुसरीकडे उतरवा, त्या उघडून पाहा, मगच एक्सफॅट निवडून फॉरमॅट करा. आणि काम संपल्यावर वायर तशीच ओढू नका, आधी 'इजेक्ट' करा. माझ्या वर्गातली मुले एवढे मात्र ऐकत नाहीत.