विजेच्या मोटारीची पारख

राजापूर तालुक्यांतील नाटे हें गांव जैतापूरच्या खाडीकांठीं, यशवंतगडाच्या आश्रयानें वसलेलें आहे. मुंबईचा चाकरमानी गणपतीला तेथें निघाला कीं त्याला सुमारें 400 किलोमीटरांचा पल्ला गांठावा लागतो. त्यानें विजेवर चालणारी उंची मोटार घेण्याचें मनांत आणिलें, तर दुकानांतील झगमगाटापेक्षां या वाटेच्याच हिशेबानें तिची पारख करावी.

महिंद्र कंपनीची 2024 सालीं आलेली एक्सईव्ही 9ई ही गाडी उदाहरणादाखल घेऊं. तिच्या 79 किलोवॅट-तासांच्या बॅटरीची प्रमाणित धांव 656 किलोमीटर आहे. पण अशी चाचणी फिरत्या रुळांवर होते. तेथें ना कोंकणचे चढ, ना मुसळधार पाऊस, ना बोचक्यांसह बसलेलीं पांच माणसें! प्रत्यक्षांत तीनचतुर्थांश धरलेली बरी. म्हणजे गाडी गांव गांठील; परतीचें काय? घरच्या 15 अँपिअरच्या जोडणींतून ताशीं सुमारें 3 किलोवॅट-तासच वीज घेतां येते. रिकामी बॅटरी भरण्यास अहोरात्रही पुरत नाहीं. त्यांत श्रावणभाद्रपदांत वीज गेली, तर निघण्याचा मुहूर्त टळलाच. यास्तव जुन्या घरांतील तारा व भूजोडणी जाणकाराकडून आधींच तपासून घ्यावी; कातळांत ती सहजासहजीं नीट साधत नाहीं.

विक्रेता गुळगुळीत रस्त्यावर दहा मिनिटें फिरवून आणतो. ग्राहकानें चढाचा रस्ता मागावा, घरचीं सारीं माणसें बसवावीं, आणि तळाशीं बॅटरी असल्यामुळें मागच्या बांकावर आजोबांचे गुडघे किती वर येतात तेंही पाहावें.