दगड, चिठ्ठी आणि पेढी
(ज्ञातिसभेच्या वार्षिक संमेलनांत दिलेलें व्याख्यान)



"विद्या आणि व्यवसाय" या विषयावर मीं चार शब्द बोलावे अशी संमेलनाच्या चालकांची इच्छा आहे. विषय मोठा आणि वेळ थोडा. म्हणून तत्त्वचर्चा बाजूस ठेवून एका घराण्याची हकीकत आपणांपुढें मांडतों. माझें आयुष्य खाणींच्या नोकरींत गेलें, तेव्हां ही हकीकत दगडांचीच असावी, यांत नवल नाहीं.

जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत फ्रायबेर्ग नांवाचें गांव आहे. तेथें चांदीच्या खाणी होत्या व त्या खाणींच्या आधारानें १७६५ सालीं तेथें खाणविद्यालय स्थापन झालें. वेर्नर या विख्यात आचार्यानें तेथें चाळीसांवर वर्षें अध्यापन केलें. हुंबोल्टसारखा जगप्रसिद्ध प्रवासी शास्त्रज्ञ त्याचाच शिष्य. या विद्यालयांत शिकलेल्या ऑगस्ट क्रांट्झ नांवाच्या तरुणानें १८३३ सालीं त्याच गांवीं खनिजांचे नमुने विकण्याची पेढी काढली. त्या काळीं खाणविद्या शिकलेल्यानें सरकारी खाणींत अधिकारी व्हावें, हा रुळलेला मार्ग होता. क्रांट्झनें दुसरी वाट धरली.

१८३७ मध्यें तो पेढी घेऊन बर्लिनला गेला व १८५० मध्यें ऱ्हाइन नदीकांठच्या बॉन शहरीं स्थायिक झाला. त्याचें गिऱ्हाईक कोण? केवळ हौशी श्रीमंत नव्हे. विद्यापीठें, शाळा आणि संग्रहालयें हें त्याचें खरें गिऱ्हाईक. त्या शतकांत भूस्तरशास्त्र सर्वत्र शिकवूं लागले होते, आणि शिक्षकाला फळ्यावरचें चित्र पुरत नव्हतें. विद्यार्थ्याच्या हातांत प्रत्यक्ष दगड द्यावा लागे. क्रांट्झच्या पेढीनें खनिजांचे, खडकांचे आणि जीवाश्मांचे क्रमवार लावलेले संच पुरविले. स्फटिकांचे कोन आणि पैलू समजावेत म्हणून नासपतीच्या लांकडाच्या प्रतिकृति विकल्या. म्हणजे त्यानें दगड विकले खरे, पण दगडांबरोबर अभ्यासक्रमच विकला, असें म्हणणें अधिक योग्य होईल.

१८७२ सालीं तो वारला. येथेंच पुष्कळ पेढ्या बुडतात. कर्ता पुरुष गेला कीं माल लिलांवांत निघतो. ही पेढी बुडाली नाहीं. प्रथम जांवयानें ती चालविली. नंतर पुतण्या डॉ. फ्रीडरिख क्रांट्झ यानें ती हातीं घेतली. पुढच्या पिढ्यांत घरांतील स्त्रियांनींहि तिचा भार वाहिला. १८३३ पासून गणना केली तर ती पेढी दोन शतकांच्या उंबरठ्याशीं येऊन पोहोंचली आहे. हा योग केवळ दैवाचा म्हणतां येणार नाहीं. पुतण्या हा नुसता वारस नव्हता, तर विद्वानहि होता, हें ध्यानांत घ्यावें. वारसा रक्तानें मिळाला. पण अधिकार मात्र त्याला अभ्यासानें मिळवावा लागला.

मग अशा घराची खरी पुंजी कोणती? माझें उत्तर असें कीं, दगडाखालची चिठ्ठी. ज्या चिठ्ठीवर खनिजाचें नांव, तें कोणत्या खाणींत व कोणत्या गांवीं सांपडलें याची नोंद, आणि विकणाऱ्याचें नांव असतें, ती हरवली कीं शास्त्राच्या दृष्टीनें दगड अर्धा मेला. स्फटिक सुंदर राहील, परंतु तो पृथ्वीच्या कोणत्या पोटांतून आला हें सांगणारा साक्षीदार गेला. क्रांट्झच्या जुन्या छापील चिठ्ठ्या संग्राहक आजहि दगडाबरोबर जपून ठेवतात. एखाद्या घराच्या सचोटीची याहून मोठी पावती कोणती असेल?

आतां आपण म्हणाल, जर्मनीची गोष्ट आम्हांस कशाला? तर आपल्या सह्याद्रीकडे पहा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं येथें लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. रस निवतांना त्यांत वायूच्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढें खडकांतून झिरपणाऱ्या उष्ण पाण्यानें त्या पोकळ्यांत स्फटिक वाढविले. त्यांत जिओलाइट वर्गांतील खनिजें मुख्य. क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५६ सालीं हें नांव दिलें. तापविलें असतां हा दगड उकळल्यासारखा फसफसतो, म्हणून "उकळणारा दगड" असा त्याचा अर्थ. १८५६ ते १८६३ या काळांत बोरघाटांत लोहमार्गासाठीं डोंगर फोडले गेले, तेव्हां अशा पोकळ्या उघड्या पडल्या आणि तेथले नमुने युरोपांतील संग्रहालयांत जाऊन बसले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतील कॅव्हन्साइट हें गर्द निळें खनिज तर जगभरचे संग्राहक नांव घेऊन मागतात. नाशिक, जळगांव, औरंगाबाद अर्थात् आजचें छत्रपती संभाजीनगर, या भागांतील खाणी व विहिरीहि या बाबतींत प्रसिद्ध आहेत. सिन्नरला २००१ सालापासून "गारगोटी" नांवाचें खनिजांचें संग्रहालय उभें आहे. मुलांना घेऊन तें प्रत्येक कुटुंबानें एकदां तरी पाहावें.

यांतील एक योगायोग मोठा बोधप्रद आहे. आपल्या खाणींत वारंवार सांपडणाऱ्या एका जिओलाइटाचें नांव "ह्यूलँडाइट" असें आहे. १८२२ सालीं हें नांव देण्यांत आलें, तें लंडनच्या हेन्री ह्यूलँड या खनिजांच्या व्यापाऱ्यावरून. या ह्यूलँडलाहि धंदा मिळाला तो त्याचा मामा वा काका जो कोणी आप्त जेकब फॉर्स्टर, त्याच्याकडून. क्रांट्झच्याहि नांवानें "क्रांट्झाइट" ही राळेसारखी एक जीवाश्म वस्तु ओळखली जाते. व्यापाऱ्याचें नांव शास्त्रानें आपल्या कोशांत कायमचें लिहून ठेवावें, हा मान पैशानें विकत मिळत नाहीं.

परंतु या व्यवसायाची काळी बाजू झांकून ठेवणें मला उचित वाटत नाहीं. पहिली गोष्ट, प्राप्ति अनिश्चित. धान्याला बाजारभाव असतो, स्फटिकाला नसतो. एखादा नमुना दहा वर्षें कपाटांत पडून राहतो. म्हणून एकाच्या नोकरीच्या आधारावर दुसऱ्यानें आरंभ करावा, कर्ज काढून करूं नये. दुसरी गोष्ट, नोकरींतील भूस्तरशास्त्रज्ञानें मालकाच्या खाणींतील नमुने विक्रीसाठीं घरीं नेऊं नयेत. परवानगी आणि पावती यांवांचून आणलेला दगड चोरीचाच, मग तो कितीहि सुंदर असो. तिसरी गोष्ट, बाजारांत डिंकानें चिकटविलेले व रंग दिलेले नमुने फिरतात. एकदां असा माल आपल्या घरांतून गेला कीं तीन पिढ्यांचें नांव एका दिवसांत जातें.

आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ही पोकळी प्रथम कोणाच्या दृष्टीस पडते? आपल्या नव्हे, सुरुंगानंतर खडकावर चढणाऱ्या खाणमजुराच्या. तो थांबला, पहार बाजूस ठेवून हातानें माती सारूं लागला, तर स्फटिक वांचतो. नाहीं तर तो खडीच्या यंत्रांत जाऊन रस्त्याखालीं पडतो. त्या मजुराला चहापुरते पैसे देऊन परदेशीं मोठी किंमत घेणारा मनुष्य हुशार ठरेल, प्रामाणिक ठरणार नाहीं. ज्याला पिढ्यान् पिढ्या पेढी चालवावयाची आहे, त्यानें खाणीवरच्या माणसाला योग्य मोबदला द्यावा आणि चांगला नमुना कसा ओळखावा, तोहि शिकवावा. यांत धर्म आहे आणि व्यवहारहि आहे.

हें काम कुटुंबाला साजेसें कां, तेंहि सांगतों. एकानें खडक वाचावा, दुसऱ्यानें नोंदवही ठेवावी, तिसऱ्यानें पत्रव्यवहार पाहावा. स्कोलेसाइटाच्या सुईसारख्या स्फटिकांना बोट लागलें तरी ते मोडतात. ते धुण्याला आणि कापसांत बांधण्याला जो हळुवार हात लागतो, तो घरांतच तयार होतो. मुलांनीं लहानपणापासून चिठ्ठ्या लिहाव्या. त्यांत अक्षर सुधारेल, भूगोल समजेल आणि खरें लिहिण्याची संवय लागेल. मुलगीहि भूस्तरशास्त्र शिकून या पेढीची धनी होऊं शकते. क्रांट्झच्या घरानें तें दाखविलेंच आहे.

आपल्या समाजांत पदवी मिळाली कीं अर्ज लिहावयाचा, ही रीत पडली आहे. नोकरी वाईट नाहीं. मी स्वतः तिच्यावर पोट भरलें. पण नोकरी निवृत्तीबरोबर संपते आणि मुलाला ती वारशानें देतां येत नाहीं. विद्येवर उभा केलेला व्यवसाय देतां येतो, मात्र मुलानें ती विद्या पुन्हां कष्टानें मिळविली तरच. ज्ञातिसभेच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या तरुणांपैकीं दोघांतिघांनीं जरी सुटीच्या दिवशीं जवळच्या खाणीवर जाऊन, मालकाची परवानगी घेऊन, दहा दगड आणले आणि प्रत्येकाखालीं खरी चिठ्ठी ठेवली, तरी माझे श्रम सार्थकीं लागले असें मी समजेन.