नकाशा कोणाच्या कामाचा?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मागच्या पावसाळ्यात चाळीतला कांदा भरायला आम्ही टेम्पो बोलावला. ड्रायव्हर बाहेरगावचा. त्याने मोबाईलवरचा नकाशा लावला. नकाशाने त्याला ओढ्याच्या काठावर आणून सोडले. पावसाळ्यात ती वाट बंद असते हे आमच्या वस्तीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, नकाशाला नाही. चिखलात रुतलेला टेम्पो निघेपर्यंत बाजार समितीतला लिलाव संपला.

कांदा दुसऱ्या दिवशीही विकता येतो. साप चावलेल्या माणसाला दुसरा दिवस मिळेलच असे नाही. म्हणून हा विषय आज बैठकीत घेतला.

नकाशा ज्याच्या गरजेपोटी निघतो, त्याच्या कामाचे तेवढे त्यात येते. १८३६ साली इंदापूर तालुक्यात विंगेट-गोल्डस्मिड यांची जमाबंदी लागू झाली. इंग्रजाला शेतसारा हवा होता, म्हणून साखळी टाकून शेत न् शेत मोजले. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तो एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. हेतू वसुलीचा होता, पण गावनकाशात गाडीवाट आणि पायवाट तुटक रेषांनी तरी दाखवली गेली.

मोबाईलवरच्या नकाशाचे गिऱ्हाईक शहरातले. म्हणून त्यात हॉटेल सापडते, पेट्रोलपंप सापडतो, कपड्याचे दुकान सापडते. पाणंद सापडत नाही. मळा, वस्ती, पाझर तलाव यांची नावे सापडत नाहीत.

आणि नाव सापडले तरी ते आपले असेल याची खात्री नाही. नाशिक जिल्ह्यात मालेगाव आहे, बारामतीजवळ माळेगाव आहे. इंग्रजीत दोन्ही एकसारखीच लिहितात. इंग्रजी लिपीत ळ नाही, ण नाही. अ आणि आ एकाच अक्षरात बसवतात. मग यंत्र ते इंग्रजी नाव पुन्हा देवनागरीत उतरवते तेव्हा परळीची परली होते आणि वाडीची वडी होते. बटणे मराठीत केली म्हणजे नकाशा मराठी झाला, असे नव्हे. आपल्या म्हातारीने जसे नाव घेतले तसे ते शोधता आले पाहिजे.

यावर तक्रारी करत बसण्याची गरज नाही. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक नकाशा २००४ सालापासून लोकच तयार करत आहेत. त्यात कोणालाही वाट काढता येते, वस्तीचे नाव घालता येते आणि मराठी नावासाठी वेगळी जागा आहे. तो वापरायला पैसे पडत नाहीत. केंद्र सरकारनेही फेब्रुवारी २०२१ मध्ये देशातल्या लोकांना व संस्थांना नकाशे करण्यासाठी आधी परवानगी घेण्याची अट काढून टाकली.

एक इशारा मात्र द्यायला हवा. मोबाईलवरची रेषा काही फूट इकडेतिकडे असू शकते. तिच्या भरवशावर कोणी शेजाऱ्याचा बांध कोरू नये. नकाशात वाट दिसली म्हणून वहिवाटीचा हक्क मिळत नाही आणि दिसली नाही म्हणून तो जातही नाही. हद्दीचा वाद भूमी अभिलेखच्या मोजणीनेच सुटायचा.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. वस्त्या, मळे, ओढे, पाणंदी यांची नावे त्यावर लिहावीत. ती म्हाताऱ्यांना विचारून, ळ आणि ण जपून लिहावीत. कोणती वाट पावसाळ्यात बंद असते आणि रात्री गाडी कुठून येऊ शकते, तेही टाकावे. कॉलेजात जाणारी आपली मुले-मुली ते नकाशात भरतील.

सारा घेणाऱ्याने त्याच्या कामाचा नकाशा काढला, दुकानदाराने त्याच्या कामाचा. आपल्या कामाचा आपणच काढायचा आहे.