संध्याकाळचा ताप
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून प्रत्येकाने आपण कुठे पोहोचलो ते सांगितलं. मी तुळजापुरातच राहिले. देवळाच्या रस्त्यावर आमचं कवड्यांच्या माळांचं आणि परड्यांचं दुकान आहे. संयोजकांनी दिलेली पाच मिनिटं मी माझ्या मुलीच्या आजारावर बोलणार आहे. आपल्यातले कितीतरी जण आज शिक्षक आहेत, कुणाचं औषधांचं दुकान आहे, म्हणून हे इथेच सांगावंसं वाटलं.

२०१८ साली ती आठ वर्षांची होती. रोज संध्याकाळी १०३-१०४ ताप चढायचा, सकाळी उतरायचा. तापाबरोबर अंगावर फिकट गुलाबी पुरळ उठायचं आणि तापाबरोबरच नाहीसं व्हायचं. सकाळी दवाखान्यात न्यावं तर पोर हसत-खेळत! टायफॉइड, मलेरिया, क्षय, कशातच काही निघेना. ‘शाळेचा कंटाळा असेल,’ असंही कुणी म्हणालं. पुढे गुडघे आणि मनगटं सुजली. रक्ताचा कर्करोग नाही ना, म्हणून बोन मॅरोही तपासला. शेवटी पुण्यात मुलांच्या संधिवाताच्या डॉक्टरांनी निदान केलं: सिस्टेमिक ज्युवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस. लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १८९७ मध्ये अशा मुलांविषयी लिहिलं, म्हणून याला ‘स्टिलचा आजार’ असंही म्हणतात.

डॉक्टरांनी सांगितलेलं मी माझ्या भाषेत सांगते. शरीरात जंतू शिरले की गावात दवंडी पिटावी तसा निरोप फिरतो आणि ताप, सूज येते. या आजारात वेशीवर शत्रू नसतानाही दवंडी चालूच राहते. त्या निरोपांपैकी एकाचं नाव इंटरल्यूकिन-६. जपानमधल्या ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने १९८६ मध्ये त्याचं जनुक शोधलं. त्यातूनच पुढे टोसिलिझुमॅब हे औषध आलं. ते दवंडीवाल्याला धरत नाही, ऐकणाऱ्या पेशींचे कान झाकतं.

आधी स्टेरॉइड दिलं. ताप गेला, पण चेहरा सुजला आणि उंची वाढायची थांबली. मग दर पंधरा दिवसांनी सोलापूरला जाऊन सलाइनमधून टोसिलिझुमॅब सुरू झालं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ११२ मुलांच्या अभ्यासात बारा आठवड्यांनी हे औषध घेणाऱ्यांपैकी ८५ टक्के मुलांचा ताप गेला होता आणि सांधेही सुधारले होते. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण २४ टक्के होतं. आमच्या घरी तिसऱ्या डोसनंतर ती स्वतःची वेणी स्वतः घालू लागली. मला तेवढा पुरावा पुरला.

हे औषध जिवंत पेशींमध्ये तयार होतं. ते प्रथिन असल्याने गोळी करून देता येत नाही, पोटात पचून जाईल. २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, पण गोठू द्यायचं नाही. शिवाय महाग. नवरात्रातली कमाई आम्ही औषधासाठी बाजूला ठेवू लागलो. एका कोजागरीला सगळा सोलापूर रस्ता पायी येणाऱ्या भाविकांनी भरला होता आणि आम्ही मायलेकी त्या गर्दीच्या उलट दिशेने निघालो होतो.

एप्रिल-मे २०२१ मध्ये हेच औषध कोविडच्या गंभीर रुग्णांना लागू लागलं आणि देशभर मिळेनासं झालं. आमचे दोन डोस चुकले, संध्याकाळचा ताप परत आला, स्टेरॉइड वाढवावं लागलं. कुणाला दोष द्यावा? तिकडेही कुणाचं तरी माणूस शेवटचे श्वास मोजत होतं. त्याच सप्टेंबरमध्ये हैदराबादच्या हेटेरो कंपनीने इथे बनवलेल्या टोसिलिझुमॅबला कोविडसाठी आपत्कालीन मंजुरी मिळाली.

या औषधाने आजार मुळापासून जात नाही, आटोक्यात राहतो. सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: औषध चालू असताना खरा जंतुसंसर्ग झाला तरी ताप फारसा चढत नाही, रक्तातला सीआरपीही वाढत नाही. म्हणून ताप नसला तरी मूल मलूल दिसलं की डॉक्टरांना दाखवायचं आणि कोणतं इंजेक्शन चालू आहे ते आधी सांगायचं.

ती आता अकरावीत आहे. डॉक्टरांनी इंजेक्शनांमधलं अंतर हळूहळू वाढवलं आहे.

गुरुजन आणि शिक्षक मित्रांनो, एखादं मूल सकाळी बरं आणि संध्याकाळी तापलेलं, असं दोन आठवडे चाललं, तर त्याला कामचुकार म्हणू नका. पालकांना सांगा: वहीत तारीख, वेळ आणि ताप लिहा, पुरळ दिसताच मोबाइलवर फोटो काढा, आणि ती वही घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे जा. आमचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यात आधी वहीच मागितली होती. दोनशे पानी, आपण शाळेत वापरायचो तसली.