सातबाऱ्यावर नसलेली आई



१९१८ च्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे लोक मानमोडी म्हणत. हिंदुस्थानात तिने एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्याच साली, त्याच पावसाळ्याअखेर, ही साथ अमेरिकेतील माँटाना राज्याच्या उजाड माळावर पोचली. तिथल्या नव्या वसाहतीतील एका आईविषयी आज आम्ही बोलणार आहोत. एका म्हणजे नावागावाच्या एका नव्हे. अशा पुष्कळ होत्या.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबप्रमुखाला १६० एकर सरकारी जमीन मिळे; कोरडवाहू मुलखात १९०९ पासून ३२० एकर. (मुळात ती जमीन तिथल्या आदिवासींची, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.) अट अशी, की जमिनीवर राहावे, घर बांधावे, नांगर धरावा, पाच वर्षे, आणि १९१२ नंतर तीन. अविवाहित स्त्रीला वा विधवेला अर्ज करता येई. नवरा नांदत असलेल्या बाईला सहसा नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर सातबाऱ्यावर तिचे नाव नाही.

आणि राबणूक मात्र तिची! बाहेरून डांबरी कागद ठोकलेली एका खोलीची लाकडी झोपडी. झाड नाही म्हणून सरपण नाही. गुरांचे वाळके शेण वेचून चूल पेटवायची. गोवऱ्या थापणाऱ्या आपल्या माउल्यांना हे काही नवल वाटायचे नाही. पाणी पिंपात भरून गाडीवरून आणायचे. नवरा रोजगाराला बाहेरगावी गेला, की जमिनीवर 'राहण्याची' अट पुरी करी तीच.

एरवीचा इन्फ्लुएंझा म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना गाठतो. याने वीस ते चाळिशीतली धडधाकट माणसे उचलली. गर्भवतींची दशा तर विचारू नका: १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,३५० आजारी गर्भवतींच्या पाहणीत शंभरातील सुमारे सत्तावीस दगावल्या होत्या.

डॉक्टर कित्येक मैल दूर, आणि त्यांतले पुष्कळ महायुद्धावर गेलेले. माणसातला हा विषाणू सापडला १९३३ मध्ये. प्रतिजैविके त्याहून नंतरची. हाती काय, तर कापूर आणि कांद्याचे पोटीस. अशा वेळी रोगी वाचे तो शुश्रूषेने. कोणी पाणी पाजावे, विस्तव विझू देऊ नये, रोग्याला उठू देऊ नये. घरातले सगळे एकदम अंथरुणाला खिळले, तर हे करणारी कोण? अंगात ताप घेऊन तीच उठे. तिला 'निजून राहा' म्हणणारे मात्र घरात कोणी उरलेले नसे. हिंदुस्थानातही या साथीत बायका अधिक मेल्या, आणि त्या वेळच्या सरकारी अहवालाने त्याचे एक कारण हेच दिले: आजारी असून त्या इतरांची सेवा करीत राहिल्या.

मग न्यूमोनिया. ओठ, चेहरा निळसर पडे, आणि काही दिवसांत, कधी काही तासांतच, सारे आटपे. गर्दीला बंदी, मूठभर माणसांत तिला पुरले जाई. धाकटी मुले कोणा आत्या-मावशीकडे जात.

नवऱ्याने दोन साक्षीदार उभे करून मुदतीचा पुरावा दिला, की सनद त्याच्या नावे निघे. माँटानात १९१७ पासूनच पाऊस हटला होता. १९१९ चे साल तर फारच कोरडे गेले. पुष्कळांनी दारांना फळ्या ठोकल्या आणि सामान गाडीत घातले. माळावरची ती कबर तेवढी तिथेच राहिली.