जकात गेली, गाळे आले



नगरपालिकेचे अंदाजपत्रक हा विषय वसंत व्याख्यानमालेला फार रुक्ष, अशी कुजबूज आमच्या कानांवर आलीच आहे. परंतु घराचा जमाखर्च पाहणे ज्यांना रुक्ष वाटते त्यांना घर कर्जात बुडाल्यावर काव्य सुचेल, अशी आशा आम्हांला वाटत नाही.

एके काळी आपल्या नगरपालिकांचा कणा म्हणजे जकात. ती जाचक होती, व्यापाऱ्याला नकोशी होती, आणि नाक्यावर काय काय चाले ते आपण जाणताच. तरी तो पैसा गावाचा स्वतःचा होता. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात गेली. महापालिकांत 2010 पासून तिच्या जागी स्थानिक संस्था कर येऊ लागला; 2015 मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला. 2017 च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकातही संपली. महापालिकांना 2016-17 च्या उत्पन्नावर दरसाल 8 टक्के वाढ धरून भरपाई देण्याचा कायदा झाला. पण भरपाई आणि मिळकत यांत मनिऑर्डरची वाट पाहणारा बाप आणि कमावता मुलगा यांच्याइतके अंतर आहे.

मग नजर वळते ती गावातल्या मोकळ्या जागेकडे. व्यापारी संकुल बांधा, गाळे द्या! गाळे पूर्वीही होते. पण तेव्हा ती जोडकमाई होती. समजा, शंभर गाळे बांधले, प्रत्येकी तीन लाख रुपये आगाऊ घेतले आणि भाडे ठेवले महिना पाचशे. पहिल्या वर्षी तीन कोटी येतात, सभागृहात बाके वाजतात, त्या पैशातून पगार आणि ठेकेदारांची बिले भागतात. पुढच्या वर्षापासून येतात सालाचे सहा लाख! ते तीन कोटी उत्पन्न नव्हतेच. गावाने जागेचे पुढील तीस वर्षांचे भाडे एका घासात खाल्ले होते.

तीस वर्षांनी काय होते? जळगावकडे पाहा. तेथील पालिकेच्या अनेक संकुलांतील गाळ्यांच्या कराराची मुदत 2012 मध्ये संपली. महापालिका नव्या दराने भाडे मागू लागली, गाळेधारकांना ते डोईजड वाटले, आणि प्रकरण वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्यांत लोंबकळले. महापालिका अधिनियमाचे कलम 79 सांगते की, मालमत्ता चालू बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात देता येत नाही. कायदा स्पष्ट आहे. पण ज्याने दुकानाला आयुष्य वाहिले त्या गाळेधारकाला आम्ही खलपुरुष ठरवणार नाही. भाडे दर काही वर्षांनी वाढेल, हे कागदावर पहिल्याच दिवशी ठसठशीत लिहिले असते तर दोन्ही पक्षांची झोप वाचली असती.

आणखी एक गोष्ट. 2022 पासून काही वर्षे कित्येक महापालिकांत निवडून आलेले सभासदच नव्हते. प्रशासकांनी अंदाजपत्रक मांडले, प्रशासकांनीच मंजूर केले. छाननी करणारा आणि करवून घेणारा एकच असला म्हणजे चर्चा लवकर आटोपते, एवढेच म्हणतो!

आता सभागृहात संकुलाचा प्रस्ताव येईल तेव्हा आपल्या प्रभागाच्या सभासदाला गाठा. आगाऊ रक्कम महसुली जमेत धरली की भांडवली, दहाव्या वर्षी भाडे किती, आणि बाजाराच्या दिवशी त्याच जागेवर बसणारी भाजीवाली कोठे जाणार, हे त्याला विचारा. उत्तर लेखी मागा.